पक्ष्यापुढील मोकळी जागा

छंद अनेक प्रकारचे असतात. कोणी टपालाचीं तिकिटें गोळा करितो, कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी गुलाबाच्या कलमांवर जीव टाकितो. या सर्व छंदांत एक मोठी सोय असते, ती ही कीं, ज्या वस्तूचा छंद लागला ती वस्तु आपल्या जागीं स्वस्थ बसून राहते. तिकीट वहींतून उडून जात नाहीं. आणि आपण पाणी आणावयास गेलों असतां गुलाब शेजाऱ्याच्या कुंपणावर जाऊन बसत नाहीं. आम्हांस जो छंद जडला आहे त्यांत मात्र ही सोय मुळींच नाहीं. आम्ही पक्ष्यांचीं छायाचित्रें घेतों. आणि तींहि फांदीवर ध्यानस्थ बसलेल्या पक्ष्यांचीं नव्हेत, तर उडणाऱ्या, मासा पकडणाऱ्या, भांडणाऱ्या, पिलांस भरविणाऱ्या, थोडक्यांत म्हणजे आपल्या उद्योगांत गढलेल्या पक्ष्यांचीं. या छंदापासून आम्हांस जें कांहीं शिकावयास मिळालें, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें मांडावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

हालत्या पक्ष्याचें चित्र घ्यावें, ही हौस कांहीं आजची नव्हे. १८८२ सालीं फ्रान्समध्यें एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञानें बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. दस्ता खांद्याला लावावयाचा, नळी पक्ष्याकडे रोखावयाची व घोडा ओढावयाचा. गोळी मात्र सुटत नसे. एका सेकंदांत उडत्या पक्ष्याचीं १२ चित्रें आंत उमटत असत. पंख वर केव्हां जातो, खालीं केव्हां येतो, हें जें मनुष्याच्या डोळ्यांस कधींहि दिसलें नव्हतें, तें त्या चित्रांत दिसलें. पुढें इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं पक्ष्याचें घरटें त्यांतील अंड्यांसह छायाचित्रांत टिपलें. पक्ष्यांस आपली चाहूल लागूं नये म्हणून त्यांनीं बैलाचें पोकळ सोंग करविलें आणि त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन ते तासन् तास बसत. त्याच देशांतील एरिक हॉस्किंग या छायाचित्रकाराच्या डोळ्यावर १९३७ सालीं घुबडानें नखें मारिलीं व त्याचा डावा डोळा गेला. त्या घुबडाचें घरटें जवळच होतें, हें येथें सांगितलें पाहिजे. कारण चित्र घेणाऱ्याची हौस कितीहि मोठी असली तरी समोरच्या प्राण्याचाहि कांहीं पक्ष असतो, हें पुढील सर्व विवेचनांत आम्हांस विसरावयाचें नाहीं.

आज मारेच्या बंदुकीहून किती तरी वेगवान् साधनें बाजारांत आलीं आहेत. कांहीं डिजिटल कॅमेरे एका सेकंदांत २० चित्रें सहज घेतात. पूर्वीं फिल्मच्या एका गुंडाळींत ३६ चित्रें मावत, आणि प्रत्येक वेळीं बटण दाबतांना खिशाचा विचार करावा लागे. आतां मेमरी कार्डावर हजारों चित्रें मावतात. परंतु हजार चित्रांतून एक चित्र पाहण्यासारखें निघेलच, असा भरंवसा कोणत्याहि यंत्राचा कारखाना देत नाहीं. यंत्र पक्ष्याला थांबवितें. पक्ष्याला चौकटींत कोठें ठेवावें, हें मात्र मनुष्यानें ठरवावयाचें असतें.

या विषयांतील आमची शाळा म्हणजे उजनी धरणाचें मागचें पाणी. भीमा नदीवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असें नांव आहे. धरण सोलापूर जिल्ह्यांत, परंतु पाणी मागें पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यापर्यंत पसरलें आहे. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें सुमारें १०० किलोमीटर गेलें म्हणजे भिगवण लागतें. तेथून कुंभारगांव, डिकसळ हीं पाण्याकांठचीं गांवें जवळच आहेत. धरण भरलें तेव्हां अनेक गांवें व शेतें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें जुनें देऊळ, पाणी फार ओसरलें म्हणजे, अजूनहि वर येऊन दर्शन देतें. ज्यांचीं शेतें गेलीं त्यांपैकीं कित्येकांनीं जाळें हातीं धरिलें. आणि पुढें पक्षी पाहणारे लोक येऊं लागले तेव्हां त्यांच्यांतील कांहींनीं त्याच नावांतून पाहुण्यांस फिरविण्याचा उद्योग सुरू केला.

हिवाळ्यांत या उथळ पाण्यावर पक्ष्यांची जणूं जत्रा भरते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, रुंद चोंचीचे थापट्ये, सोनेरी अंगाचे चक्रवाक, गोंगाट करणारे कुरव आणि या सर्वांत उंच, गुलाबी पायांचे रोहित. रोहितासच अग्निपंख असेंहि म्हणतात. तें नांव किती यथार्थ आहे हें तो पंख उघडीपर्यंत कळत नाहीं. चरतांना तो पांढुरका दिसतो, आणि उडाला कीं पंखांतील लाल व काळा रंग एकदम प्रकट होतो. पक्ष्यांचीं अशीं सुंदर मराठी नांवें जमा करण्याचें मोठें कार्य सोलापुरांत जन्मलेले मारुति चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं आपल्या 'पक्षिकोशा'त केलें आहे. ज्या विद्यार्थ्यास पक्ष्यांचीं चित्रें घ्यावयाचीं असतील, त्यानें आधीं त्यांचीं नांवें शिकावीं. कारण नांव कळल्यावांचून संवय कळत नाहीं आणि संवय कळल्यावांचून चित्र मिळत नाहीं.

प्रथम प्रकाश व वारा यांविषयीं दोन शब्द. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास आणि सूर्यास्तापूर्वींचा एक तास, हीच आमची खरी वेळ. तेव्हां ऊन तिरपें असतें; तें पंखाच्या खालच्या बाजूसहि पोंचतें आणि पक्ष्याच्या डोळ्यांत एक ठिणगी पेटवितें. दुपारच्या उन्हांत पाठ पांढरी व पोट काळें, असें विचित्र पांखरूं पदरीं पडतें. सूर्य आपल्या पाठीमागें असावा, हा नियम बहुतेकांस ठाऊक असतो. वाऱ्याचा नियम मात्र थोड्यांस ठाऊक असतो. पक्षी उडतांना व उतरतांना तोंड वाऱ्याकडे करितो. पतंग उडविणाऱ्या मुलास याचें कारण समजावून सांगावयास नको. समोरून येणारा वारा पंखाखालीं आधार देतो. म्हणून वारा आणि सूर्य हे दोन्ही ज्या वेळीं आपल्या पाठीमागें असतील, त्या वेळीं उतरणारा पक्षी आपल्याकडे तोंड करून, उजेडांत न्हाऊन येतो. नावेंत बसण्यापूर्वीं आम्ही रुमालाचें टोंक वर धरून वारा पाहतों, आणि मगच कोणीकडे जावयाचें तें ठरवितों.

आतां वेग. पक्षी सेकंदाला १० मीटर उडत असेल, तर सेकंदाच्या १०० व्या भागांत तो १० सेंटीमीटर पुढें सरकतो. म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्याची झडप उघडी राहिली तर चित्रांत पक्ष्याऐवजीं त्याचा एक फराटा उमटेल. तीच झडप सेकंदाच्या २००० व्या भागापुरती उघडली, तर तो ५ मिलिमीटरच सरकतो आणि पिसें मोजतां येतील इतकीं स्पष्ट दिसतात. परंतु स्पष्टपणा म्हणजे सर्वस्व नव्हे. कधीं कधीं आम्ही मुद्दाम सेकंदाचा ३० वा भाग घेतों आणि पक्षी जसा जाईल तसा कॅमेरा त्याच्याबरोबर वळवितों. अशा वेळीं मागचीं झाडें आडव्या रेघा होऊन जातात, पंख धूसर होतात, आणि डोकें तेवढें स्थिर राहतें. अशीं पन्नास चित्रें वायां जातात तेव्हां एक साधतें. परंतु त्या एकांत वेग डोळ्यांस दिसतो.

संवय जाणण्याचें महत्त्व आम्हांस कवड्या धीवरानें शिकविलें. हा काळा-पांढरा, कबुतराहून लहान पक्षी पाण्यावर एकाच ठिकाणीं पंख फडफडवीत लोंबकळतो, चोंच खालीं रोखून पाहतो आणि मग दगडासारखा खालीं पडतो. जो मनुष्य तो पडल्यावर बटण दाबतो, त्याच्या चित्रांत पाण्याचीं कड्यावर कडीं उमटतात, पक्षी उमटत नाहीं. परंतु दोन सकाळी कॅमेरा खालीं ठेवून नुसतें पाहत राहिलें, तर ध्यानांत येतें कीं, बुडी मारण्यापूर्वीं तो बहुधा क्षणभर अगदीं निश्चल होतो. मान आंत घेतो, पंख किंचित् मागें नेतो. तो क्षण ओळखला म्हणजे बोट आपोआप वेळेवर चालतें. मोठ्या पक्ष्यांच्याहि अशा खुणा असतात. चरणारे रोहित एकामागून एक माना वर करूं लागले आणि वाऱ्याकडे तोंड करून सगळे एकाच दिशेनें चालूं लागले, म्हणजे समजावें कीं थवा उडण्याच्या बेतांत आहे. पुढें ते पाण्यावरून कांहीं पावलें धांवतात आणि मग वर उचलले जातात.

चौकटींत पक्षी कसा बसवावा, हा या लेखाचा खरा विषय आहे. नवशिक्याची स्वाभाविक इच्छा अशी असते कीं, पक्षी अगदीं मध्यभागीं असावा व शक्य तितका मोठा असावा. परंतु उडणाऱ्या पक्ष्याची चोंच चौकटीच्या कांठास टेकली, तर तो आतां भिंतीवर आदळणार असें पाहणाऱ्यास वाटूं लागतें. म्हणून पक्ष्याचें तोंड ज्या दिशेस असेल त्या दिशेस, त्याच्या मागें असेल त्याहून अधिक जागा मोकळी सोडावी. एका स्नेहसंमेलनाच्या वेळीं आम्हीं भरविलेल्या छोट्याशा प्रदर्शनांत नदी सुरयाचें एक चित्र होतें. पक्षी डाव्या कोपऱ्याजवळ, आणि उजवीकडे नुसतें राखी रंगाचें पाणी. एका पालकांनीं सौजन्यपूर्वक विचारिलें, "गुरुजी, एवढा कागद रिकामा कां सोडलात?" आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत आहों तोंच त्यांचें बोट धरून उभी असलेली तिसरींतील मुलगी म्हणाली, "बाबा, त्याला तिकडे जायचंय ना!" याहून चांगलें उत्तर आम्हांस आजतागायत सुचलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. बगळा कितीहि डौलदार असला तरी त्याच्या डोक्यामागें विजेचा खांब उभा असेल, तर पाहणाऱ्याची दृष्टि खांबावरच जाते. अशा वेळीं पक्ष्याजवळ जाण्याची मुळींच आवश्यकता नसते; नाव दोन हात डावीकडे घेतली तरी खांब बाजूस होतो आणि मागें दूरचा हिरवा कांठ येतो. पार्श्वभूमि जितकी दूर, तितकी ती मऊ व अस्पष्ट होते आणि पक्षी तितकाच उठून दिसतो. तिसरी गोष्ट उंचीची. उभें राहून खालीं पाहत घेतलेल्या चित्रांत पक्षी खेळण्यासारखा दिसतो. नावेच्या तळाशीं बसून, भिंग पाण्याच्या जवळ आणून घेतलेल्या चित्रांत तोच पक्षी आपल्या बरोबरीचा होतो. चौथी गोष्ट क्षितिजाची. तें सरळ असावें, आणि तें पक्ष्याच्या मानेंतून सुरीसारखें आरपार जाऊं नये. पांचवी गोष्ट अशी कीं, पाण्यांतील प्रतिबिंब घ्यावयाचें तर पुरें घ्यावें. अर्धें तोडलेलें प्रतिबिंब फाटक्या धोतरासारखें दिसतें. रोहिताचे लांब पाय घोट्याशीं तोडणारे छायाचित्रकार तर आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

पंखांचाहि एक नियम आहे. पंख दोन्ही बाजूंस सरळ आडवे झाले आणि पक्षी समोरून येत असला, तर चित्रांत एक आडवी काठी तेवढी दिसते. पंख पूर्ण वर उचललेले किंवा पूर्ण खालीं आलेले असतील, तेव्हांच त्यांचा आकार खुलतो. एका सेकंदांत अनेक चित्रें घेण्याचा खरा उपयोग हाच. त्यांतून पंखांची योग्य स्थिति असलेलें एक निवडावें व बाकीचीं निःसंकोचपणें पुसून टाकावीं. थव्यांत पक्ष्यांवर पक्षी येतात आणि एका धडाला तीन माना फुटल्यासारख्या दिसतात. तेथें ज्याची आकृति सुटी दिसते अशा एकाकडेच लक्ष द्यावें. उडत्या पक्ष्याभोंवतीं आरंभीं सर्व बाजूंनीं सढळ जागा ठेवावी, म्हणजे घरीं आल्यावर चौकट हवी तशी कापतां येते. कापलेल्या पंखाला मात्र पुन्हां जोड देतां येत नाहीं.

हे सर्व नियम पुस्तकी वाटतील, म्हणून ज्या दिवशीं ते आम्हांस खऱ्या अर्थानें समजले त्या दिवसाची हकीकत सांगतों. महिना फेब्रुवारीचा होता. आमच्या शाळेंतून नुकताच महाविद्यालयांत गेलेला एक विद्यार्थी आमच्याबरोबर होता. वर्तमानपत्रें टाकून सांठविलेल्या पैशांतून तो एस्. टी. नें आला होता, आणि त्याच्या गळ्यांतील कॅमेरा काकांकडून दोन दिवसांच्या बोलीनें मागून आणलेला होता. दुसऱ्या दिवशीं तो परत द्यावयाचा होता. उडणारा रोहित चित्रांत धरावा, ही त्याची पांचव्या इयत्तेपासूनची इच्छा. नावाड्यानें इंजिन बंद करून नाव थव्यापासून सुमारें दीडशें पावलांवर उभी केली. दोनएकशें पक्षी चोंची पाण्यांत उलट्या बुडवून चरत होते. एक तास गेला. एकानेंहि पंख उघडला नाहीं. ऊन वर चढूं लागलें.

शेवटीं तो विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, एकदांच. मामांनीं नुसती टाळी वाजवली तरी पुरे आहे."

नावाड्यानें आमच्याकडे पाहिलें. "वाजवायला काय, हात मोकळंच हायेत," तो म्हणाला. "लोक त्याचंच पैसं देत्यात, सर. उडता फोटो न्हाई घावला तर पुढल्या खेपेला दुसऱ्याच्या नावंत बसत्यात."

दोघांचेंहि म्हणणें खोटें नव्हतें. एकाचा कॅमेरा उद्यां जावयाचा होता. दुसऱ्याच्या वडिलांचें शेत याच पाण्याखालीं होतें आणि त्याचें घर पाहुण्यांच्या समाधानावर चालत होतें. केवळ 'नको' म्हणणें हें आमच्या वयाच्या मनुष्यास सोपें, परंतु त्या दोघांस महाग पडणारें होतें. आम्हीं विद्यार्थ्यास एवढेंच विचारिलें, "उडाले तर ते कोणीकडे उडतील?" त्यानें वाऱ्याकडे पाहिलें, थव्याकडे पाहिलें आणि तो म्हणाला, "आपल्यापासून लांब." "मग तुझ्या चित्रांत काय येईल?" यावर तो गप्प बसला.

हें बोलणें चाललें असतांच आमच्या मागून एक दुसरी नाव इंजिनाचा आवाज करीत आली व थव्याच्या दिशेनें तशीच पुढें गेली. कोणी तरी टाळ्या वाजविल्या. सर्व माना एकदम वर झाल्या, दोनशें पक्षी पाण्यावरून धांवले आणि लाल-काळ्या पंखांचा एक पट्टाच आकाशांत चढला. देखावा अपूर्व होता, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. विद्यार्थ्याचें बोट बटणावर होतें व तें चाललेंहि. त्या नावेंतील मंडळी आनंदानें ओरडली व परत फिरली. आमच्या विद्यार्थ्यानें आपलीं चित्रें पाहिलीं. चाळीस चित्रें होतीं, आणि चाळिसांतहि पाठी, शेपट्या व मागें ताणलेले पाय. एकाहि पक्ष्याचा डोळा दिसत नव्हता. भ्यालेला पक्षी ज्याला भितो त्याच्याकडे पाठ करूनच उडतो, ही साधी गोष्ट कोणत्याहि भिंगानें बदलतां येत नाहीं.

थवा दूर जाऊन उतरला. कोणी कांहीं न सांगतां विद्यार्थ्यानें घड्याळ लावलें. पक्षी माना उंच करून उभे होते. चरणें बंद होतें. पहिली मान पुन्हां पाण्याकडे वळावयास २२ मिनिटें लागलीं. रोहिताचें अन्न म्हणजे पाण्यांतील बारीक जीव व शेवाळ. तें चिखलपाण्यांतून गाळून गाळून खावें लागतें, आणि त्यावरच त्यास पुढील लांबच्या प्रवासाची शिदोरी बांधावयाची असते. भारतांत त्यांची वीण मुख्यतः कच्छच्या रणांत होते. एका सकाळीं पांच नावा आल्या व प्रत्येकीनें एकदां टाळी वाजविली, तर सकाळचें जेवण किती उरलें, याचा हिशेब विद्यार्थ्यानें आपल्या वहींत मांडला. तो आम्हीं त्यास करावयास सांगितला नव्हता.

इतका वेळ नावाडी स्वस्थ बसला होता. तो म्हणाला, "वारा उगवतीचा हाय. थोडंथोडं करून ती ह्या उथळ्यावर परत येणार. आपण उगवतीच्या अंगाला ऱ्हायलो तर येताना तोंडं आपल्याकडंच." सूर्यहि अजून पूर्वेकडेच होता. जें आम्ही रुमालाच्या टोंकावर पाहत होतों, तें त्याच्या अंगवळणीं पडलेलें होतें. त्यानें नाव वल्ह्यानें फिरवून, मोठा वळसा घालून, पूर्वेच्या बाजूस नेली व तेथें बांबू रोवून बांधली. आम्ही तिघे नावेच्या तळाशीं बसलों. आणखी दीड तास गेला. मग सात पक्षी पश्चिमेकडून आले; माना पुढें लांबविलेल्या, पंख वर, पाय खालीं सोडूं लागलेले. त्यांस आमची दखल घेण्याचें कांहीं कारण नव्हतें. विद्यार्थ्यानें पुढें मोकळी जागा सोडून चौकट धरिली होती. पहिल्या चित्रांत पांच पक्षी एकमेकांवर आले. दुसऱ्यांत एक पक्षी सुटा आला: पंख पूर्ण उचललेले, डोळा स्पष्ट, पाय पाण्यास टेकण्याच्या बेतांत, आणि त्याच्यापुढें शांत, रिकामें पाणी.

तें चित्र त्यानें पुढें एका स्पर्धेस पाठविलें. त्यास बक्षीस मिळालें नाहीं. परंतु तें त्याच्या खोलींत टांगलेलें आहे, आणि त्याच्या शेजारीं पाठमोऱ्या थव्याचें चित्रहि आहे. त्याखालीं '२२ मिनिटें' एवढेंच लिहिलें आहे. आणखी एक गोष्ट पालकांच्या माहितीसाठीं सांगणें अवश्य आहे. त्या दिवशीं आमच्यामुळें नावाड्याच्या दोन खेपा बुडाल्या. आम्हीं त्यास तीन खेपांचें भाडें दिलें. धीर धरणें ही मोठी गोष्ट खरी. परंतु आपल्या धीराची किंमत दुसऱ्याच्या पोटावर टाकणें बरें नव्हे. पक्ष्यांस न उडवितां चित्र घ्यावयाचें असेल, तर नावाड्यास आरंभींच तसें सांगावें, अधिक वेळाचे पैसे आधींच ठरवावे, आणि निघतांना त्याच्या कौशल्याची दोन शब्दांनीं तरी वाखाणणी करावी. बहुतेक नावाड्यांस पक्षी आपल्यापेक्षां चांगले कळतात. टाळी त्यांच्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या घाईची असते.

कांहीं चित्रें तर घ्यावयाचींच नसतात. मार्च ते मे या महिन्यांत पाणी ओसरून वाळूचीं व खडकांचीं बेटें उघडीं पडतात. नदी सुरय तेथें उघड्या जमिनीवर अंडीं घालतो. पिवळी चोंच, काळी टोपी व दुभंगलेली लांब शेपटी असलेला हा पक्षी २०२० पासून जगांतील संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादींत अधिक वरच्या धोक्याच्या वर्गांत गेला आहे. उन्हाळ्याच्या त्या उन्हांत आईबाप अंड्यांवर बसून सावली धरितात; ते उठून गेले तर अंडें तापून निकामी होण्यास फार वेळ लागत नाहीं. चोंचींत मासा धरून पिलाकडे झेपावणारा सुरय, हें चित्र कोणास नको असेल? आम्हांसहि हवें आहे. परंतु बेटावरील सुरय ओरडत डोक्यावर घिरट्या घालूं लागले, म्हणजे आपण जवळ आलों असा त्याचा अर्थ. तेथून नाव मागें घ्यावयाची, एवढाच मार्ग उरतो. तें चित्र आमच्या संग्रहीं नाहीं.

हें वाचून एखाद्या विद्यार्थ्यास वाटेल कीं, आपणांजवळ मोठें भिंग नाहीं, भिगवणास जावयास पैसे नाहींत, तेव्हां आपणांस हा छंद कसा जमावा? त्यानें निराश होऊं नये. शाळेच्या पटांगणांत डबा खाण्याच्या सुट्टींत घारी झडप घालतात, साळुंक्या भांडतात, कावळे पोळीचा तुकडा पळवितात. घरच्या साध्या मोबाइल फोननेंहि यांचीं चित्रें घेतां येतात. पक्षी लहान दिसला तरी चालेल; त्याच्या भोंवतीं झाड, कौलें, पाण्याची टांकी, आपली शाळा दिसूं द्यावी, म्हणजे तो कोठें राहतो हें चित्र सांगूं लागेल. त्याचें तोंड जिकडे असेल तिकडे जागा सोडावी. सूर्य पाठीमागें घ्यावा, वारा पाहावा, आणि पहिला दिवस कांहींहि न टिपतां नुसता पाहण्यांत घालवावा. पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें महागडा कॅमेरा मागितला तर तो देण्यापूर्वीं त्यास महिनाभर एकाच झाडावरच्या पक्ष्यांची नोंदवही ठेवावयास सांगावें. ज्याची वही भरेल त्याच्या हातीं कॅमेरा शोभेल. ज्याची वही कोरी राहील त्याचे पैसे वांचतील.

महाराष्ट्रांत नोव्हेंबर ५ ते १२ हा पक्षिसप्ताह म्हणून पाळतात. ५ हा चितमपल्लींचा जन्मदिवस व १२ हा डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांचा. त्या आठवड्यांत विद्यार्थ्यांनीं घेतलेलीं चित्रें या वार्षिकासाठीं संपादकांकडे अवश्य पाठवावीं. प्रत्येक चित्राच्या मागें पक्ष्याचें मराठी नांव, ठिकाण, दिवस व वेळ लिहावी. आणि आपण पक्ष्यापासून किती पावलांवर होतों व चित्र घेतल्यावर तो जागेवर राहिला कीं उडाला, हेंहि लिहावयास विसरूं नये.